'अलास' म्हटल्यावर कॉलवर सगळे गप्प का झाले? इंग्रजीतल्या उद्गारांबद्दल जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा की तुम्ही सपोर्टला आहात, रोज संध्याकाळी अमेरिकन टीमबरोबर कॉल असतो, ग्रामर बरं आहे पण लीड म्हणतो की समोरच्याला कळतच नाही तू ऐकतेयस की झोपलीयस, म्हणून तुम्ही नेटवरून दोनशे इंटरजेक्शनची पीडीएफ उतरवून पाठ करायला घेतलीत. मग परवा त्यांच्यातल्या एका बाईने सांगितलं की माझी मांजर गेली, आणि तुमच्या तोंडून 'अलास!' बाहेर पडलं, कॉलवर पाच सेकंद शांतता आणि मग कोणीतरी फिस्सकन हसलं. तुमचं म्हणणं, अर्थ तर बरोबर होता, मग चुकलं काय, आणि पीडीएफ पाठ करू की नको.

शेवटचं आधी सांगते, नका करू. अशा याद्यांमध्ये 'हुर्रे', 'अलास', 'ब्राव्हो' आणि 'ऊप्स' एकाच रांगेत बसवलेले असतात, त्यातला कुठला शब्द आज माणसं बोलतात आणि कुठला जुन्या नाटकांत उरलाय हे कोणी लिहीत नाही. 'अलास' चा अर्थ 'अरेरे' हे बरोबरच आहे हो, पण आज तो कोणी दुःखाची बातमी ऐकून म्हणत नाही. लिहिताना येतो, किंवा कोणी मुद्दाम नाटकीपणा करत 'केक होता, पण अलास, संपला' असं गमतीत म्हणतं. म्हणजे शेजारच्या काकूंनी मांजर गेली म्हणून सांगितलं आणि तुम्ही छातीवर हात ठेवून 'हा हंत हंत!' म्हणालात, तर काकू ज्या नजरेने बघतील तसंच त्या कॉलवर झालं. तिथे 'ओह नो' म्हणायचं, अर्धा सेकंद थांबायचं आणि 'आय ॲम सो सॉरी'. बस. मांजरीचं वय किती होतं वगैरे नंतर विचारलं तरी चालतं.

आता खरा प्रश्न. तुमच्या लीडची तक्रार शब्द कमी पडतात अशी नाहीये, नीट वाचा, तो म्हणतोय तुम्ही ऐकताय की नाही ते कळत नाही. शाळेत आपण केवलप्रयोगी अव्ययं शिकलो ती कशी, तर एका बाजूला हर्षदर्शक, शोकदर्शक, तिरस्कारदर्शक असे कप्पे आणि दुसऱ्या बाजूला शब्द, जोड्या लावा. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय की उद्गार म्हणजे भावना उतू जाणं. एकटीने दारात बोट चेंगरलं तर ते खरं आहे. पण बोलताना निघणारे बहुतेक उद्गार भावनेपेक्षा खबर देत असतात, की तू आत्ता जे बोललास ते माझ्यापर्यंत पोचलं आणि पोचून माझ्या डोक्यात हे असं झालं. नवीन कळलं, आधीच माहीत होतं, पटलं नाही, ऐकूच आलं नाही. फोनवर चेहरा नसतो, मान दिसत नाही, म्हणून ही खबर तोंडानेच द्यावी लागते, आणि तुम्ही ती देत नाही म्हणून लीड वैतागलाय.

मी साधारण वीस वर्षं पुण्यात कॉल सेंटर आणि आयटीवाल्या पोरापोरींना बोलायला शिकवतेय, आणि निम्मं काम म्हणजे कानाला हेडफोन लावून त्यांचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकणं. तेवढ्यावरून सांगते की 'वॉव' आणि 'ओह माय गॉड' चुकल्याने कोणाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते अगदी बारक्या, स्पेलिंगसुद्धा धड नसलेल्या आवाजांनी.

हा एक किस्सा. क्लायंटने विचारलं, 'डिड यू गाइज रीस्टार्ट द सर्व्हर?' आमचा पोरगा, साताऱ्याकडचा, अगदी सरळ, त्याने उत्तर दिलं 'अंहं'. म्हणजे नाही केला. समोरच्याने म्हटलं 'ग्रेट!' आणि पुढे गेला. त्यानंतर चाळीस मिनिटं ते दोघं बोलत होते, एकाच्या डोक्यात रीस्टार्ट झालेला सर्व्हर आणि दुसऱ्याच्या डोक्यात न झालेला, आणि दोघांनाही प्रश्न पडलेला की हा असा वेड्यासारखा का बोलतोय. मी ती क्लिप तीन वेळा मागे नेऊन ऐकली तेव्हा मला ते 'अंहं' सापडलं. आपल्याकडे 'अंहं' म्हणजे नाही, आणि ते म्हणताना मान आडवी हलते, जी फोनवर दिसत नाही. इंग्रजीत जवळजवळ तोच आवाज, मधे 'ह' असलेला आणि शेवटी किंचित वर जाणारा, म्हणजे हो. त्यांच्या नकारात मधे 'ह' नसतोच, दोन तुटक 'अ' असतात आणि मधे घसा क्षणभर बंद होतो, 'अ' म्हणून गच्च थांबायचं आणि परत 'अ'. ('अ-ओह', म्हणजे मेलो, आता काहीतरी निस्तरावं लागणार, त्याच्या मधला ब्रेक पण तोच.) आता हा फरक घोकत बसू नका, नाही म्हणायचंय तिथे सरळ 'नो, वुई डिडन्ट' म्हणा आणि 'अंहं' घरी आईशी बोलताना वापरा.

दुसरा आवाज 'ओह'. याच्यावर जॉन हेरिटेज नावाच्या समाजशास्त्रज्ञांचा १९८४ चा एक लेख आहे, लोकांची खरीखुरी संभाषणं रेकॉर्ड करून, टिपून त्यांनी दाखवलं की 'ओह' चं मुख्य काम आश्चर्य-बिश्चर्य नाही, 'हे मला माहीत नव्हतं, आता झालं' एवढंच सांगणं आहे. मी हे वाचलं ते शिकवायला लागून बऱ्याच वर्षांनी आणि तेव्हा माझ्या कितीतरी जुन्या कोड्यांची उत्तरं सापडली. क्लायंट म्हणतो, 'ॲज आय सेड इन माय ईमेल, फ्रायडे इज अ हॉलिडे फॉर अस', आणि आपला माणूस नम्रपणे म्हणतो 'ओह, ओके'. झालं! कबूल केलंत की मेल वाचलेला नाही. वाचला असेल तर तिथे 'राइट' किंवा 'येस, आय सॉ दॅट' हवं. आणि उलट बाजू म्हणजे खरंच नवीन बातमी दिली, रात्री जागून आम्ही तो बग काढला असं सांगितलं, आणि तुम्ही फक्त 'ओके' म्हणालात, तर त्या माणसाला वाटतं हिला काही पडलेली नाही. तिथे 'ओह, ग्रेट' पाहिजे, तेही जरा जीव ओतून. मराठीत हे आपण बिनचूक करतो बघा. नवीन कळलं की 'अच्छा!', 'असं होय!', आणि माहीत असलं की 'हो हो', 'बरोबर'. आईने तिसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट ऐकून 'अच्छा!' म्हणालात तर ती म्हणेलच, म्हणजे सकाळी सांगितलं तेव्हा लक्ष कुठे होतं. इंग्रजीत गेल्यावर मात्र सगळ्यावर एकच 'ओके ओके ओके' चं झाकण.

'ओह' चा भाऊ 'आह'. विस्कटलेले तुकडे जुळले की तो येतो, 'आह, सो दॅट्स व्हाय इट वॉज स्लो'. आपला 'हां, आत्ता कळलं!' म्हणजे हाच. आणि नुसता 'ओह', पुढे काहीच नाही आणि आवाज खाली पडलेला, म्हणजे हिरमोड. चॅटवर 'ओह' आणि पुढे पूर्णविराम आला तर समजा माणूस नाराज आहे.

'वेल' बद्दल फार लिहीत नाही, एवढं लक्षात ठेवा की प्रश्नाच्या उत्तरात पहिलाच शब्द 'वेल' आला, जरा लांबवलेला, की पुढे बहुधा नकार किंवा अडचण येतेय. 'कॅन यू फिनिश इट टुडे?' 'वेऽल...' इथेच समोरच्याला कळलं की आज होत नाही. आपल्याकडे 'त्याचं काय आहे ना' ने वाक्य सुरू झालं की कळतं तसंच. म्हणून ज्याचं उत्तर सरळ 'हो' आहे तिथे स्टाईल म्हणून 'वेल' लावू नका, उगाच लोक घाबरतात.

'हम्म' ची पण गंमत आहे. आपल्या व्हॉट्सॲपवर 'हम्म' म्हणजे विषय संपला किंवा बरं, कळलं. क्लायंटला चॅटवर 'हम्म' पाठवलात तर त्याला वाटेल हिला शंका आहे, हिला काहीतरी पटलेलं नाही, आणि तो बिचारा अजून दोन पॅरा समजावत बसेल.

ऐकू आलं नाही तर? इथे एक मस्त संशोधन आहे. २०१३ मध्ये मार्क डिंगमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या ३१ भाषा तपासल्या, आणि 'ऐकू नाही आलं, परत सांग' यासाठी सगळीकडे जवळपास एकाच जातीचा आवाज मिळाला, इंग्रजीत 'हं?' सारखा आखूड, प्रश्नार्थी. २०१५ मध्ये त्यांना याच्यासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं जे बक्षीस असतं ते. आपला 'अँ?' त्याच घरातला आहे, त्यामुळे तो कोणालाही कळतो. पण कळतो म्हणून कुठेही चालतो असं नाही, सासऱ्यांना तुम्ही 'अँ?' म्हणत नाही, 'काय म्हणालात?' म्हणता. तसं क्लायंटला 'सॉरी?' शेवटी आवाज वर नेऊन. नुसतं 'व्हॉट?' अंगावर आल्यासारखं वाटतं.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: नवीन कळलं तर 'ओह', माहीत होतं तर 'राइट', नकार तोंडाने स्पष्ट, ऐकू नाही आलं तर 'सॉरी?'. लीडच्या तक्रारीपुरतं एवढं पुरेसं आहे. पुढचं तुम्ही विचारलंय म्हणून लिहितेय.

भावनेचे उद्गार. यात आपली गोची वेगळ्याच ठिकाणी होते. कोणाची आई दवाखान्यात आहे असं कळलं की आपण जिभेने 'च्च च्च' करतो, मनापासून, कळवळून. इंग्रजीत तो आवाज बहुतेक वेळा नापसंतीचा असतो, पोराने भिंतीवर रेघोट्या मारल्यावर करतात तसा. एका मुलीच्या कॉलवर हे मी ऐकलंय, तिकडची बाई सांगतेय की मुलगा सायकलवरून पडला आणि हात मोडला, आणि इकडून 'च्च च्च च्च'. त्या बाईने लगेच सांगायला सुरुवात केली की नाही नाही, त्याने हेल्मेट घातलं होतं! तिला वाटलं आपल्यावर ठपका येतोय. याच्या बरोबर उलटं 'व्हॉट अ शेम'. तुम्ही सांगितलं की आजारी होते म्हणून भाचीच्या लग्नाला जाता आलं नाही, आणि समोरचा म्हणाला 'व्हॉट अ शेम', तर त्याने तुमची लाज काढलेली नाही, तो 'अरेरे, वाईट झालं' म्हणतोय. त्याचाच जुळा 'व्हॉट अ पिटी'. 'शेम ऑन यू' निराळं, ते खरंच लाज काढणं.

'ऊप्स' फक्त छोट्या चुकीला, आणि शक्यतो आपल्याच. चुकीची फाइल जोडली, 'ऊप्स'. प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या सिस्टिमचा, डेटा उडाला तर 'ऊप्स' म्हणू नका, नोकरी जाईल. 'आउच' दुखलं की, पण कोणी टोचून बोललं किंवा बिलाचा आकडा बघून पण म्हणतात. 'फ्यू' असं वाचतो आपण पण कोणी तसं स्वच्छ 'फ्यू' म्हणत नाही, तो श्वास सोडल्याचा आवाज आहे, आपला 'हुश्श', अक्षरांत कसाबसा पकडलेला. 'श्श' तर आपल्यासारखंच, स्वरच नाही. त्यामुळे स्पेलिंग वाचून हे शिकताच येत नाही, कानानेच शिकावं लागतं.

देवाधर्माचं जरा जपून. 'गॉश' म्हणजे देवाचं नाव घ्यायचं टाळून केलेला 'गॉड', 'जी' आणि 'जीझ' हे 'जीझस' चे, 'डार्न' हा 'डॅम' चा, 'हेक' हा 'हेल' चा, इंग्लंडातलं 'ब्लायमी' म्हणजे मुळात देव मला आंधळं करो अशी शपथ, झिजून झिजून एवढी उरली. आपलं 'च्यायला' पण असंच झिजलेलं आहे ना, रोज दहा वेळा म्हणणाऱ्याला विचारा की यात कोणाची आय आली, तो विचारातच पडेल. पण आजोबांसमोर तो 'च्यायला' गिळतो. त्यांच्यातही धार्मिक घरांत 'ओह माय गॉड' खटकतं, आणि येशूचं अख्खं नाव उद्गार म्हणून तर आपण घेऊच नये, ते लोक घेतात तो त्यांचा प्रश्न. 'ओह माय गुडनेस' किंवा 'ओह माय गॉश' म्हणा, कोणाचं काही बिघडत नाही. 'जीझ' मध्ये वैताग असतो, क्लायंटवर नको. तुमची टीम अमेरिकन आहे म्हणून 'ब्लायमी' किंवा ऑस्ट्रेलियन लोकांचं 'क्रायकी' पण नको, 'आयला' म्हणणारा गोरा जसा दिसेल तसं दिसेल.

आणि हे सगळं हल्लीच्या पोरांचं खूळ आहे असं तुमचे सर म्हणतात ना, त्यांना सांगा की 'वॉव' स्कॉटलंडचा कवी गॅव्हिन डग्लसने १५१३ मध्ये लिहिलेला आहे, आणि 'ओह माय गॉड' चं 'ओएमजी' हे अक्षरांचं रूप १९१७ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल लॉर्ड फिशरने चर्चिलला पाठवलेल्या पत्रात आहे. जुन्या काळचे लोक सगळे.

'व्हॉट' आणि 'हाउ' चं एकदाच सांगते, कारण तुमच्या प्रश्नातच 'व्हॉट अ ब्यूटिफुल!' असं लिहिलंय. मराठीत 'काय सुंदर!' आणि 'काय सुंदर घर!' दोन्हीला 'काय' चालतो, म्हणून घसरतो आपण. इंग्रजीत पुढे नाम असेल तर 'व्हॉट', नसेल तर 'हाउ'. 'व्हॉट अ ब्यूटिफुल हाउस', पण 'हाउ ब्यूटिफुल'. आणि मोजता येत नाही अशा नामाला 'अ' नाही, 'व्हॉट लव्हली वेदर'. शाळेत वाक्य बदला मध्ये शेवटी 'इट इज' लावून मार्क मिळायचे, बोलताना ती शेपटी बहुतेक वेळा गळून पडते. खरं तर बोलताना लोक 'दॅट्स सो नाइस' किंवा 'इझन्ट दॅट नाइस!' असंच जास्त म्हणतात, आणि हे दुसरं दिसायला प्रश्न असलं तरी आवाज खाली उतरतो, त्याला 'येस, इट इज नाइस' असं परीक्षेतलं उत्तर देऊ नका, आपल्या 'किती छान आहे ना!' सारखं आहे ते.

राहिलं उद्गारचिन्ह. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात, म्हणजे हे चिन्ह आपल्याकडे इंग्रजीतूनच आलं, आणि आपण ते शिकलो ते जोरात बोलण्याची खूण म्हणून. अमेरिकन ऑफिसच्या मेलमध्ये त्याचं काम बदललंय. 'थँक्स' पुढे पूर्णविराम कोरडा वाटतो, उद्गारचिन्ह हसऱ्या चेहऱ्यासारखं. पण एका मेलमध्ये एखाद-दुसरंच. आणि मागणीच्या वाक्यापुढे कधीच नाही, 'प्लीज सेंड द फाइल टुडे' पुढे दोन उद्गारचिन्हं म्हणजे तुम्ही ओरडताय. जुन्या बऱ्याच टाइपरायटरवर या चिन्हाची वेगळी कळच नसायची, आधी वरचा स्वल्पविराम मारायचा, मग मागे येऊन त्याच्याखाली टिंब. एवढी मेहनत असल्यावर माणूस जपूनच वापरणार.

आता करायचं काय. तुमच्याच कॉलचं रेकॉर्डिंग मिळत असेल (आधी परवानगी विचारा, सगळीकडे देत नाहीत) तर दहा मिनिटांचा तुकडा घ्या आणि फक्त समोरच्यांचे आवाज कागदावर उतरवा, वाक्यं नको, फक्त 'ओह', 'राइट', 'अ-हं' (त्यांचं ते 'हो'), आणि त्याच्या आधी कोणी काय सांगितलं होतं ते. मग त्याच तुकड्यात तुमचे. मी पैज लावते की त्यांच्या रकान्यात पंधरा-वीस निघतील आणि तुमच्यात चार 'ओके', तेही उशिराने आलेले. उशीर हा पण मुद्दा आहे, 'ओह' दोन सेकंदांनी आला तर मेलेला असतो. पहिल्या आठवड्यात फक्त 'ओह' आणि 'राइट' सुधारा, बाकी कशाला हात लावू नका. आपल्या लोकांना सुरुवातीला हे नाटक वाटतं, मलाही वाटायचं, पण मराठीत आपण फोनवर मावशीला दर वाक्याला 'हं... हं... हो का... अगं बाई!' करतोच की, तेव्हा कोणी नाटक म्हणत नाही.

आणि तुम्ही शेवटी कंसात विचारलंय की कॉलवर असताना गरम चहा सांडला आणि 'आई गं' निघालं तर काय. निघू दे हो. आवाजावरूनच त्यांना कळतं की काहीतरी लागलं. ते 'आर यू ओके?' विचारतील, तेव्हा 'येस, जस्ट स्पिल्ड माय टी' म्हणा आणि आधी हात पाण्याखाली धरा.